छायागीतातले शेवटचे गाणे

जुन्या दूरदर्शनची आठवण निघाली की कार्यक्रमांच्या विविधतेचे कौतुक होते. ‘किलबिल’, ‘आमची माती आमची माणसं’, ‘ज्ञानदीप’, ‘गजरा’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ ही नावे माणसे एका दमात घेतात. कौतुक रास्त आहे. मात्र ही सगळी विविधता एकाच वाहिनीवर, एका संध्याकाळच्या चार-पाच तासांत बसवावी लागे, आणि एकाला मिनिट जास्त दिले तर ते दुसऱ्याच्या वाट्यातून जाई, हे पाहणाऱ्याला कधी जाणवत नसे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात, चित्र अजून कृष्णधवल होते तेव्हा, मी मुंबई केंद्रात प्रक्षेपणाच्या कामावर होतो आणि हा हिशेब सांभाळणे हेच माझे काम होते. त्यातला जुलैमधला एक गुरुवार अजून माझ्या मनातून जात नाही.

सकाळपासून पाऊस कोसळत होता. शीव आणि कुर्ला यांच्या दरम्यान रुळांवर पाणी आले की मध्य रेल्वे थांबते हे मुंबईकराला सांगायला नको. पण गाड्या थांबल्या की वरळीच्या स्टुडिओत काय होते, हे सांगायला हवे. त्या काळी बरेच कार्यक्रम स्टुडिओतून थेट जात. मुलांच्या कार्यक्रमातली मुले ठाण्याहून यायची होती. ती आली नाहीत. त्यांच्या जागी फिल्म्स डिव्हिजनचा एक माहितीपट लावला. शेतीच्या कार्यक्रमात कृषितज्ज्ञ आणि मावळातला एक भात-उत्पादक शेतकरी यांची चर्चा होती. शेतकरी आदल्या दिवशीच एसटीने येऊन लालबागला गिरणीत काम करणाऱ्या पुतण्याकडे उतरला होता, म्हणून तो तासभर आधी हजर. तज्ज्ञ कुठेतरी गाडीत अडकलेले. तज्ज्ञ येतील या आशेने निर्मात्यांनी कार्यक्रम मागे ढकलायला सांगितला. मी क्रम बदलला, आणि शेती थेट ‘छायागीत’ या चित्रपटगीतांच्या कार्यक्रमाच्या आधी येऊन बसली. छायागीतानंतर बातम्या होत्या, आणि बातम्या कोणासाठीही थांबत नसत.

तज्ज्ञ शेवटपर्यंत आले नाहीत. सूत्रसंचालकाजवळ जी प्रश्नावली होती ती सगळी तज्ज्ञांसाठी होती, आणि तिचा रोख राब भाजण्याविरुद्ध होता. शेण, पालापाचोळा आणि फांद्या रोपवाटिकेच्या जागी पसरून उन्हाळ्यात पेटवून द्यायच्या, ही मावळ-कोकणातली जुनी रीत. तिच्यापायी झाडे तोडली जातात, शेणखत जळून जाते, असा आक्षेप. आता ते प्रश्न त्या शेतकऱ्यालाच विचारण्यावाचून गत्यंतर नव्हते. तो पहिली काही मिनिटे ‘होय साहेब’, ‘तसंच म्हणायचं’ यापलीकडे गेला नाही. मग सूत्रसंचालकाने कागद बाजूला ठेवून सरळ विचारले, “आबा, मग तुम्ही का भाजता?”

इथून पुढे तो माणूस बोलू लागला. भाजल्याने तणाचे बी मरते, जमीन भुसभुशीत होते आणि रोप उपटताना मूळ तुटत नाही, इथपर्यंत मला आठवते. तो हातांनी दाखवत होता: अंगठा आणि दोन बोटे यांच्यात रोप कसे धरायचे, किती हिसका द्यायचा. कॅमेरामन हुशार होता. न सांगता त्याने हातांवर क्लोजअप घेतला. वेळ संपत आली तशी फ्लोअर मॅनेजरने कॅमेऱ्याशेजारून आधी दोन बोटे, मग एक बोट दाखवले आणि शेवटी ‘आवरा’ म्हणून हवेत बोट गोल फिरवायला सुरुवात केली. शेतकऱ्याने ते पाहिले, मागे वळून काय आहे ते बघितले, काहीच दिसले नाही तेव्हा पुन्हा पुढे तोंड करून शांतपणे बोलू लागला.

टॉकबॅकवर, म्हणजे आम्हाला आपसात बोलता यावे म्हणून असलेल्या अंतर्गत ध्वनियंत्रणेवर, निर्मात्यांचा आवाज आला, “किती देता?”

माझ्यासमोर क्यू शीट, म्हणजे कार्यक्रमांचा क्रम आणि वेळा यांचा तक्ता, आणि घड्याळ. पुढे मधली रिकामी वेळ भरणारा दीड मिनिटाचा फिलर होता, फुलांची छायाचित्रे आणि सतार. तो सोडून देता आला असता. त्याहून जास्त दिले तर छायागीत कापावे लागणार. आता छायागीत टेलिसिनेवरून, म्हणजे फिल्मचे रीळ दूरदर्शनवर दाखवणाऱ्या यंत्रावरून जाई. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांनी घेतलेला असतो आणि आपल्या दूरदर्शनवर तो २५ ने चालवावा लागतो, त्यामुळे चार मिनिटांचे गाणे दहाएक सेकंद लवकर संपते आणि गायकाचा स्वरही किंचित चढतो. चांगला कान असलेल्या प्रेक्षकांना ते खटके, आम्हाला मात्र ते फुकटचे सेकंद वाटत. त्या दिवशी तेही मोजून झाले. रीळ एकदा यंत्रावर चढले की मधले एखादे सुमार गाणे वगळता येत नाही. तोडायचे तर शेवटचेच. आणि शेवटचे गाणे नव्या चित्रपटाचे होते, ज्यासाठी चाळीतल्या एकेका टीव्हीसमोर वीस-वीस माणसे बसलेली असणार.

मी म्हणालो, “चार मिनिटं.”

पुढचे सगळे सुरळीत पार पडले. निवेदिकेने आपली घोषणा जागच्या जागी दोन वाक्यांवर आणली (त्या काळच्या निवेदिकांना नुसत्या हसतमुख म्हणणाऱ्यांनी हे काम एकदा करून पाहावे), आणि बातम्या सेकंदाला सुरू झाल्या. ड्यूटी रूममधला फोन मात्र तासभर थांबला नाही. गाणे का कापले, कोणी कापले, पुढच्या गुरुवारी दाखवणार का. आमचा सुशिक्षित प्रेक्षक ‘प्रबोधन व्हायला हवे’ असे पत्रात लिहितो आणि फोन गाण्यासाठी करतो, हे मी तेव्हाच शिकलो. शेतकऱ्याबद्दल एकही फोन आला नाही. अर्थात, १९७३ पासून सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे मावळात आमचे चित्र पोहोचत असले, तरी तिथे टीव्ही किती घरांत होता आणि फोन किती घरांत, हाही प्रश्न आहेच.

टेलिसिनेवरचे माझे एक ज्येष्ठ सहकारी तेव्हापासून मला दोष देत आले. त्यांचे म्हणणे असे की वेळापत्रक हा प्रेक्षकाशी केलेला करार असतो. आज शेतकऱ्यासाठी मोडलात, उद्या एखाद्या मंत्र्यासाठी मोडाल. या युक्तिवादाला माझ्याजवळ तेव्हाही चोख उत्तर नव्हते.

मला वेगळेच काही छळते. ते कापलेले गाणे आज कोणाच्याही फोनवर हवे तेव्हा वाजते. त्या शेतकऱ्याची चार मिनिटे कुठेच नाहीत. थेट कार्यक्रम सहसा ध्वनिचित्रमुद्रित होत नसत. दोन इंची टेप महाग, आणि जी असे तीही पुसून पुन्हा वापरली जाई. म्हणजे ती मिनिटे ज्यांनी पाहिली त्यांच्याजवळच काय ती उरलेली, आणि मी ती धड पाहिलीसुद्धा नाहीत, कारण माझे डोळे घड्याळावर होते. तिसऱ्या मिनिटाला तो “पण एक गोष्ट आहे” असे म्हणून राबातल्या कुठल्यातरी उणिवेबद्दल बोलू लागला होता, म्हणजे तज्ज्ञ जे सांगणार होते तेच कदाचित तो आपल्या अनुभवातून सांगत होता. ती उणीव कोणती, हे मी नंतर कॅमेरामनला विचारले. त्याला फक्त हात आठवत होते.

ते सहकारी आता नव्वदीला आले आहेत. गेल्या भेटीत त्यांनी पुन्हा तोच विषय काढला, आणि या खेपेस ते म्हणाले की तुम्ही दोनच मिनिटे दिली असती तर फिलर गेला असता आणि अर्धे गाणे तरी वाचले असते. मी कागद घेऊन हिशेब मांडला. अर्धे गाणे कोणत्या कडव्यावर तोडायचे, यावरून आमचे पुन्हा वाजले.