साठा किती दिवसांचा?

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन मी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यूहून पर्वतापलीकडच्या रिचलंडला मावसबहिणीकडे निघाले, तेव्हा निघण्यापूर्वीची माझी तपासणी नेहमीचीच होती: डिकीत बर्फात चाकांना बांधायच्या चेन, फावडे, दोन ब्लँकेटे, काच पुसण्यासाठी गोठणार नाही असे पाणी आणि आईने बांधून दिलेल्या दशम्या. बाबांनी मात्र गाडीत बसल्या बसल्या पेट्रोलच्या काट्याकडे पाहिले आणि विचारले, "साठा किती?" बाबांची सगळी नोकरी विदर्भातल्या एका औष्णिक वीज केंद्रात, कोळसा हाताळणी विभागात गेली. आमच्या घरी जेवताना पावसाची, परीक्षेची किंवा लग्नकार्याची चर्चा चालली असली तरी फोन वाजला की पहिला प्रश्न हाच असायचा, की साठा किती दिवसांचा आहे. निवृत्तीनंतरही ती सवय सुटलेली नाही.

वाटेतल्या स्नोक्वाल्मी खिंडीची उंची ३,०२२ फूट, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा बरीच कमी, हे ऐकून बाबांना घाट किरकोळ वाटला होता. परंतु पॅसिफिकवरून येणारी ओली हवा कॅस्केड पर्वताला आपटून वर चढते आणि तिथेच रिकामी होते. सह्याद्रीच्या माथ्यावर जून-जुलैमध्ये जे पावसाचे होते, तेच इथे हिवाळ्यात बर्फाचे होते, आणि माथ्यावर वर्षाला चारशे इंचांच्या आसपास बर्फ पडतो. पर्वताच्या पलीकडचे रिचलंड वर्षाला सात-आठ इंच पावसावर भागवते. आमच्याकडच्या माण-खटावची आठवण यावी असा तो प्रदेश आहे.

नॉर्थ बेंड मागे पडल्यावर पाटीवर बर्फाचे टायर सक्तीचे झाल्याचे दिसले आणि थोड्या अंतराने चेन सक्तीच्या झाल्याचे. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाड्यांना चेन बसवण्यातून सूट असते, पण चेन जवळ असणे बंधनकारक असते. आमच्या गाडीला ती सूट नसल्यामुळे मी कडेला थांबले. हातमोजे घालून चेनचा आकडा लागत नाही आणि काढले तर पाच मिनिटांत बोटे आपली राहत नाहीत, त्यामुळे एक आकडा लावायचा, हात काखेत घालायचे, मग दुसरा, असे करत अर्धा तास गेला. पुढे चेनवर ताशी तीस मैलांच्या आत खडखडत जात असताना, माथा चार मैलांवर राहिला असता, सगळी वाहतूक थांबली. वरच्या उतारावर साचलेला बर्फ आपणहून कोसळण्याआधी तो स्फोटके लावून मुद्दाम पाडायचा होता, आणि तो रस्त्यावर आला तर उपसूनही काढायचा होता. आम्ही अडीच तास एकाच जागी होतो.

या अडीच तासांत पेट्रोल या वस्तूबद्दल मला जेवढे कळले तेवढे एरवीच्या दहा वर्षांत कळले नव्हते. उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवले तर तासाला पाव ते अर्धा गॅलन पेट्रोल जाते, आणि त्या बदल्यात हीटर जवळजवळ फुकट मिळतो, कारण पेट्रोलमधली दोन तृतीयांशाहून जास्त उष्णता एरवीही चाकापर्यंत पोहोचत नाही, वाया जाते. आमच्या पुढे उभी असलेली गाडी विजेवरची होती. तिला ही चैन नाही, तिला ऊब बॅटरीतूनच काढावी लागते, आणि थंडीने बॅटरीची धाव आधीच आखडलेली असते. मात्र पेट्रोलच्या उबेला एक अट आहे. दर वीस मिनिटांनी बाबा खाली उतरत आणि सायलेन्सरच्या तोंडाशी साचलेला बर्फ फावड्याने दूर करत, कारण ते तोंड बुजले तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो, त्याला वास नसतो आणि बंद काचांच्या आत माणसे झोपल्यासारखी मरतात. "जाळायचे म्हटले की राख आणि धूर कुठे टाकायचा हे आधी ठरवावे लागते," असे बाबा प्रत्येक वेळी गाडीत परत येताना म्हणत होते, आणि आई दर वेळी दार लवकर लावा म्हणत होती.

आमचा जाऊन-येऊन सव्वाचारशे मैलांचा प्रवास होता. त्याला हिवाळ्यात साधारण १७ गॅलन पेट्रोल लागते, म्हणजे ६४ लिटर, वजनाने अठ्ठेचाळीस किलोच्या आसपास. ते जळल्यावर हवेतला ऑक्सिजन सोबत घेऊन त्याचा सुमारे १५० किलो कार्बन डायऑक्साइड होतो. टाकीत घातले त्याच्या तिप्पट वजन आम्ही त्या पर्वतावर सोडून येणार होतो, हे मी बाबांना सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले की कोळशाचे निदान दिसते तरी. त्यांचे म्हणणे मला पटले. आमच्या वसाहतीत दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर राखड बसायची. आपल्याकडच्या कोळशात तीस-चाळीस टक्के राखच असते, त्यामुळे ती दिसल्याशिवाय राहतच नाही.

माथा ओलांडल्यावर अर्ध्या तासात आकाश निळे झाले. एलेन्सबर्गनंतर व्हँटेजच्या पुलावरून कोलंबिया नदी ओलांडली आणि उजवीकडे वळून नदीच्या काठाने निघालो. वाटेत वानापम धरण लागते. पुढे व्हर्निटाच्या पुलावरून पुन्हा नदी ओलांडली की हॅनफर्डची हद्द सुरू होते. १९४३ साली इथल्या वस्त्या उठवून अमेरिकेने प्लुटोनियम बनवण्याचा कारखाना उभारला आणि नागासाकीवर पडलेल्या बॉम्बमधले प्लुटोनियम इथलेच होते. त्या शस्त्रकामाचा किरणोत्सारी गाळ, सुमारे साडेपाच कोटी गॅलन, जमिनीखालच्या १७७ टाक्यांत साठवला गेला आणि त्याच्या विल्हेवाटीचे काम अजून चालू आहे. अणुऊर्जेविषयी बोलताना लोक हा गाळ आणि इथल्याच अणुवीज केंद्राचे वापरलेले इंधन एकाच पंक्तीला बसवतात. एक बॉम्बचे उष्टे आहे आणि दुसरे विजेचे, आणि दोन्ही एकाच माळरानावर असल्यामुळे ही गल्लत समजण्यासारखी असली तरी ती गल्लतच आहे.

डाव्या हाताला दूर क्षितिजावर पांढऱ्या वाफेचा पुंजका दिसला. ते कोलंबिया अणुवीज केंद्र, सुमारे १,२०० मेगावॉटचे, डिसेंबर १९८४ पासून चालू असलेले. तारापूरला १९६९ साली सुरू झालेली पहिली दोन युनिटे ज्या उकळत्या पाण्याच्या जातीची (भट्टीतच पाणी उकळून त्या वाफेवर वीज करणारी) आहेत त्याच जातीचे, फक्त आकाराने कितीतरी मोठे. बाबांनी गाडी कडेला घ्यायला लावली आणि बराच वेळ ते चिमणी शोधत राहिले. चिमणी नव्हती, कोळशाचे ढीग नव्हते, रेल्वेच्या वाघिणी नव्हत्या. वाफ शीतक मनोऱ्यांची होती, म्हणजे पाण्याचीच.

रात्री जेवताना बाबांनी आपला प्रश्न विचारलाच. भाऊजी अणुविजेच्या क्षेत्रात काम करतात. ते हसून म्हणाले, "काका, दोन वर्षांचा." बाबांनी हातातला घास खाली ठेवला. बाबांच्या हिशेबात हजार मेगावॉटला दिवसाला पंधरा-सोळा हजार टन कोळसा लागतो, म्हणजे अठ्ठावन्न-एकोणसाठ वाघिणींच्या चार मालगाड्या, रोज. त्यात पावसाळ्यात कोळसा भिजला की तो बंकरमध्ये चिकटतो आणि माणसे रात्रभर पहारीने ढोसत बसतात. इथे अणुभट्टीत इंधनकांड्यांची ७६४ जुडगी असतात, त्यांतली सुमारे एक तृतीयांश दोन वर्षांतून एकदा बदलतात, आणि त्या सगळ्या नव्या युरेनियमचे वजन भरते चाळीसेक टन, म्हणजे एका वाघिणीतही मोकळी जागा उरेल इतके. या कांड्यांत भरलेली युरेनियमची बोटाच्या पेराएवढी एक गोळी साधारण टनभर चांगल्या कोळशाचे काम करते. मी मनात मांडून पाहिले: तिच्यापासून दोनेक हजार युनिट वीज होते, आणि विजेच्या गाडीने आमची ही वारी तेवढ्यात दहा-बारा वेळा झाली असती.

भाऊजींनी सांगितलेली आणखी एक गोष्ट मला फार आवडली. इंधन बदलण्यासाठी केंद्र बंद ठेवतात ते विषम वर्षांच्या वसंतात, कारण तेव्हा डोंगरांतला बर्फ वितळून नद्या फुगतात आणि धरणांवरची वीज मुबलक होते. ज्या बर्फाने आम्हाला अडीच तास अडवून ठेवले तोही या प्रदेशाच्या हिशेबात इंधनच आहे, डोंगरावर साठवलेले. आगोटीला घरात धान्य, लाकूडफाटा, गोवऱ्या भरून ठेवायची आपल्याकडची जी रीत, ती बेगमी इथे एकाच वेळी माथ्यावरही असते आणि अणुभट्टीच्या पोटातही.

मला वाटते, अणुइंधन आणि कोळसा-तेल-वायू यांची तुलना याच बाजूने व्हायला हवी. अणुऊर्जा स्वच्छ की घातक, या वादात दोन्ही पक्षांची पाठांतरे इतकी पक्की झाली आहेत की त्यात नवे काही ऐकायला मिळत नाही. बेगमीचा प्रश्न मात्र थंडीत जीवावर येतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात हिमवादळ आले तेव्हा नैसर्गिक वायूच्या विहिरी आणि वाहिन्या गोठल्या आणि वीज केंद्रांपर्यंत वायूच पोहोचेना. त्याच वेळी तिथली एक अणुभट्टीही बंद पडली, पण तिच्यात इंधन नव्हते म्हणून नव्हे, तर पाण्याचा दाब मोजणारी एक उघड्यावरची नळी गोठली म्हणून. म्हणजे घरात धान्य असूनही चूल विझू शकते.

बाबा एवढ्याने बधणाऱ्यांतले नव्हते. वापरलेली जुडगी जातात कुठे, असे त्यांनी विचारले आणि उत्तर ऐकून मान हलवली, कारण ती कुठेच जात नाहीत. १९८४ पासूनचे सगळे वापरलेले इंधन तिथेच आहे, काही पाण्याच्या हौदात आणि काही पोलाद-काँक्रीटच्या पिंपांत उघड्या फरसावर. नेव्हाडातल्या युक्का पर्वतात कायमची जागा करण्याचे १९८७ साली ठरले आणि ते राजकारणात अडकले. दुसरे दुखणे पैशाचे. हे केंद्र चालवणाऱ्या संस्थेने एकेकाळी पाच अणुभट्ट्या हाती घेतल्या होत्या, त्यांतली ही एकच पूर्ण झाली आणि १९८३ साली सव्वादोन अब्ज डॉलरचे कर्जरोखे बुडाले. संस्थेच्या तेव्हाच्या नावाच्या आद्याक्षरांचा (WPPSS) उच्चार लोकांनी 'व्हूप्स', म्हणजे 'अरेरे, चुकलेच', असा करून तिची कायमची थट्टा केली. बांधून झालेली अणुभट्टी स्वस्तात चालते. ती बांधून होईपर्यंत मात्र कोळशाचे केंद्र कित्येक वर्षे वीज देऊन बसलेले असते.

"आमची राख गावभर, यांची राख पिंपात," बाबा म्हणाले. हे कौतुक होते की टोमणा, ते भाऊजींना कळले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही नाही.

तीन दिवसांनी परत निघालो. खिंडीत ताजा बर्फ होता आणि बर्फाचे टायर सक्तीचे होते, पण रस्ता चालू होता. एलेन्सबर्गला टाकी पाऊण भरलेली असताना बाबांनी गाडी पंपावर घ्यायला लावली, स्वतः उतरून नळी लावली आणि पंप आपोआप बंद झाल्यावरही आणखी थोडे बसते का ते पाहिले.