तुम्ही विचारलंत म्हणून: दुसरा एपिसोड का मिळाला नाही?

"अमेरिकन मालिकेचा एक एपिसोड दिग्दर्शित केलास ना तू? मग पुढे काय झालं?" लॉस एंजेलिसमधल्या गणपतीत आणि पुण्याहून येणाऱ्या फोनवर मला दरवर्षी हेच विचारतात. "मुलं लहान होती," असं सांगून मी विषय बदलते. ते खरं नाही.

अमेरिकन मालिकेत दिग्दर्शक पाहुणा असतो. मालिका शोरनरची, म्हणजे मुख्य लेखकाची. नट आणि क्रू कैक वर्षांचे. तासाभराच्या एपिसोडला साधारण आठ दिवस तयारी, आठ दिवस शूट, मग आपल्या कटसाठी, म्हणजे आपल्या मनासारख्या संकलनासाठी, चार दिवस. तेवढ्यासाठी मी तीन मालिकांच्या सेटवर बिनपगारी 'शॅडो' म्हणून दुसऱ्यांच्या खुर्चीमागे उभी राहिले होते.

शूटचा सहावा दिवस. भांडी घासताना आईला मुलगा गेल्याचं कळतं, तो सीन. मला चेहरा नको होता. पाठमोरी बाई, थांबलेले हात, नळ चालूच. टेक झाला. नटीनं माझ्याकडे न बघता कॅमेरामनला विचारलं, "झालं?" तो म्हणाला, "क्लोजअप घेऊन टाकू." लगेच लाइट हलायला लागले. हेडफोन गळ्यात, मी मॉनिटरसमोर. "थांबा" एवढंच म्हणायचं होतं. फर्स्ट एडीनं, म्हणजे वेळापत्रक सांभाळणाऱ्या मुख्य सहायक दिग्दर्शकानं, घड्याळाकडे बोट केलं, ओव्हरटाइम लागायला अठरा मिनिटं. मी मान डोलावली. टीव्हीवर आला तो क्लोजअप. हात गेले, नळाचा आवाज तेवढा राहिला. नंतर कानावर आलं, "तिचा सेटवर वचक नव्हता."

तेव्हा मी सगळ्यांना सांगायचे, बाई म्हणून डावललं. चुकीचं नव्हतं ते. गिल्डमधल्या, म्हणजे अमेरिकन दिग्दर्शकांच्या संघटनेतल्या, सहा दिग्दर्शिकांनी मोजलं होतं: १९४९ ते १९७९ बायकांना मिळालं जेमतेम अर्धा टक्का काम. १९८३ मध्ये गिल्डनं दोन बड्या स्टुडिओंवर खटला भरला, तर १९८५ मध्ये न्यायालयानं गिल्डलाच बायकांच्या वतीनं लढायला अपात्र ठरवलं. पण त्याच वर्षी 'कॅग्नी अँड लेसी' या मालिकेसाठी कॅरेन आर्थर यांना एमी हे टीव्हीचं मोठं पारितोषिक मिळालं, ड्रामा मालिकेच्या दिग्दर्शनाचं बाईला मिळालेलं पहिलं. त्यांचं नाव घेतलं की माझं रडगाणं मलाच खटकतं.

माझ्यानंतरच्या एपिसोडचा दिग्दर्शक दोन तास ओव्हरटाइममध्ये गेला. पुढच्या सीझनला त्याला बोलावलं. हे मी वर्षानुवर्षं पुरावा म्हणून सांगत आले. तो त्याच्या शॉटसाठी भांडला होता, हे मात्र सांगायचं टाळलं. मी भांडले असते तर "खमकी आहे" म्हणाले असते, की "कटकटी आहे"?