परिसंवाद सोपा होता, पत्र अवघड!

आमच्या वाचनालयाची दरवर्षी व्याख्यानमाला असते. यंदा नेहमीच्या इतिहास-प्रवासवर्णनाऐवजी तीन शनिवार एकाच विषयाला द्यायचे ठरले: मुलांचं मानसिक स्वास्थ्य, पोलीस-कोर्टाच्या वाटेवरचं मूल, आणि हिंसा घडायच्या आधीच काय करता येतं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचं उघड झालं, तेव्हापासून पालक हेच विचारत होते. सांगलीत सभागृह मिळालं, वक्ते मिळाले, वर्गणी जमली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचंय ते पत्राचं.

आम्हाला शिक्षक हवे होते, विशेषतः जत तालुक्याकडचे. तिकडची कितीतरी घरं ऊसतोडीला जातात आणि मुलं मागं आजीपाशी राहतात. अशा मुलाचं काही बिनसलं तर आधी कळतं ते वर्गावरच्या गुरुजींना नाहीतर बाईंना. पण शनिवारी सकाळची शाळा करून, एसटीनं सांगलीला दुपारी वेळेवर पोचायचं तर लवकर निघायला लागतं. त्यासाठी ‘उपस्थित राहण्यास हरकत नाही’ एवढं एका ओळीचं पत्र पाहिजे होतं. कुठल्या कार्यालयाचं, ते सांगत नाही. सांगलीकर ओळखतील, नाही ओळखलं तरी बिघडत नाही.

अर्ज आवकला दिला, पोच घेतली. (पोच घ्याच. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. ‘ठेवा मॅडम, देतो साहेबांना’ म्हणतील, ऐकू नका.) आठवड्यानं गेले तर साहेब मीटिंगला. पुढच्या खेपेला दौऱ्यावर. मग कळलं, फाईल साहेबांपर्यंत गेलेलीच नाही, अलीकडच्याच टेबलावर आहे. तिथले भाऊसाहेब अर्ज चाळत म्हणाले, “मॅडम, ह्यात फौजदारी आलंय की. ते पोलिसांचं.”

“पण येणार शिक्षक आहेत ना, भाऊसाहेब.”

“ते खरंय. पण विषय आमचा न्हाई.”

दुसऱ्या इमारतीत गेले. तिथं म्हणाले, मुलांचं आहे ते बरोबर, पण शिक्षकांना आम्ही कसं सोडणार? परत पहिल्या ठिकाणी. आता अर्जाच्या समासात लाल शाईत शेरा पडलेला: ‘विषय या कार्यालयाशी संबंधित नाही. सबब योग्य त्या विभागाकडे सादर करावा.’ योग्य तो विभाग कुठला, हे मात्र लिहिलेलं नाही. विचारलं, तर खांदे उडवले. तोवर निमंत्रणपत्रिका छापून आलेल्या. मी बँकेतून अर्ध्या दिवसाच्या रजा टाकून विजयनगरच्या फेऱ्या मारतेय, आणि घरी आले की सासूबाईंचा रोजचा प्रश्न: “मिळालं का गं तुझं पत्र?”

एकदा तर बाकावर बसल्याबसल्या वाटलं, शिक्षकांचा नाद सोडावा, शहरातले पालक येतील तेवढे बास. पण माझा स्वभाव चिवट आहे. आणि खरं सांगते, तोवर विषयापेक्षा त्या लाल शाईचाच राग जास्त होता.

मार्ग काढला तो आमच्या वक्त्या वकीलताईंनी. त्या म्हणाल्या, विनंती कशाला करतेस, कायदा दाखव. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, २०१२, कलम ४३: या कायद्याची माहिती लोकांपर्यंत, मुलांपर्यंत, पालकांपर्यंत पोचवणं आणि संबंधितांना वेळोवेळी प्रशिक्षण देणं ही केंद्र आणि राज्य सरकारचीच जबाबदारी आहे. शिवाय कलम १९: असा गुन्हा झाल्याचं माहीत असेल किंवा होण्याची भीती वाटत असेल, तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक. म्हणजे शिक्षकांवरही. मग हे शिक्षकांना सांगायचं कुणी? नवा अर्ज केला, दोन्ही कलमं विषयाच्या ओळीतच घातली. सोबत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला सहभागासाठी दिलेल्या पत्राची प्रत जोडली. कायदेविषयक जागृती हे त्यांचं कामच आहे, तेव्हा असा कार्यक्रम करणार असाल तर पहिलं पत्र तिकडं द्या. या खेपेला भाऊसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला, उठले आणि स्वतः आत गेले. सही त्याच दुपारी. पत्र हातात आल्यावर समोरच्या गाड्यावर चहा घेतला. इतका गोड चहा मी एरवी पीत नाही.

शिक्षक आले. भरपूर आले. प्रश्न चिठ्ठ्यांवर घेतले, नाव न घालता. हे जरूर करा, माईक हातात दिला की माणसं गप्प बसतात. एक चिठ्ठी अशी होती: ‘मुलगी बोलली, पण नाव घरातल्याचं आहे. मी सांगितलं आणि ते खोटं निघालं तर?’ वकीलताईंनी सावकाश समजावलं. खरं-खोटं ठरवणं शिक्षकाचं काम नाही, तपास पोलिसांचा. चांगल्या हेतूनं माहिती दिली तर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही, हे त्याच कलम १९ मध्ये आहे. पोलिसांनी चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं, तोही पोलिसांनी गणवेश न घालता. रात्री मुलाला ठाण्यात ठेवायचं नाही. शेवटची दोन वाक्यं ऐकून मागच्या रांगेतल्या एका गुरुजींनी वही काढली. १०९८ हा मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक फळ्यावर मोठा लिहून ठेवला होता, कार्यक्रम संपल्यावर त्याचे फोटो काढायला गर्दी.

हिंसा-प्रतिबंधाचं सत्र मात्र जरा पुस्तकी झालं. समुपदेशकांना मी वेळही कमी दिला, कारण सत्काराच्या शाली-नारळात वीस मिनिटं गेली. कमिटी ऐकत नाही, काय करणार.

आणखी एक, फोटोवाल्याला आधीच बजावून ठेवा. कुणी आपल्या मुलाची हकीकत सांगायला पुढं आलं तर कॅमेरा बंद, बातमीतही नाव-गाव-शाळा नको. पीडित मुलाची ओळख उघड करणं हा त्याच कायद्यानं गुन्हा आहे. आणि तारीख मार्चमध्ये धरू नका, दहावीच्या पेपरात शिक्षकांना कुणी सोडत नाही, कलम दाखवलं तरी.

परवा त्याच कार्यालयातून फोन आला: ‘कार्यक्रमाचा अहवाल फोटोंसह दोन प्रतींत सादर करावा.’ केला. पोच घेतली.