बाबांची गाडी पुन्हा घाट चढली

गेल्या रविवारी कात्रजच्या घाटात गाडी अक्षरशः धापा टाकत होती. २००९ची पेट्रोल गाडी, बाबांनी घेतलेली. पिकअप गायब, चेक इंजिनचा दिवा पेटलेला, मागे सडक्या अंड्यासारखा वास.

एका गॅरेजमध्ये म्हणाले, "कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची जाळी फोडून टाकू, काम स्वस्तात होईल." मला नाही पटलं. कन्व्हर्टर म्हणजे सायलेन्सरच्या नळीतला धूर शुद्ध करणारा डबा; त्याच्या जाळीवरच्या प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियममुळेच धुरातला कार्बन मोनॉक्साइड कमी होतो. सिग्नलला मागे स्कूटरवर कुणाचं तरी लेकरू उभं असतं हो!

आज नाना पेठेतल्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. स्कॅनरवर पी०४२० हा कोड आला, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाही, पण काका नुसत्या कोडवर थांबले नाहीत. कन्व्हर्टरच्या आधी असलेल्या ऑक्सिजन सेन्सरच्या जागी प्रेशर गेज लावला, रेस दिली, काटा चढतच गेला. धुराला बाहेर पडायला वाटच नव्हती, कन्व्हर्टर चोक. "पण तो खराब का झाला, ते आधी बघू," म्हणाले. तीन नंबरच्या सिलिंडरची, प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी इग्निशन कॉइल गेली होती. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटल्यामुळे जाळी वितळली होती. आधी कॉइल आणि प्लग बदलले, मगच नवा कन्व्हर्टर बसवला. नाहीतर तोही काही महिन्यांत गेला असता.

संध्याकाळी बाबांना शेजारी बसवून पुन्हा कात्रजला गेलो. बोगद्यापर्यंत ते काही बोललेच नाहीत, नुसते इंजिनचा आवाज ऐकत होते.