मंदारच्या चष्म्यातलं हिरवं

सोमवार, रात्री उशिरा

काल आमच्या ऑनलाइन डी अँड डीचं (फासे टाकून, पात्रं घेऊन गोष्ट खेळायचा खेळ) सेशन चालू असताना मंदारच्या चष्म्यात काहीतरी हिरवं दिसलं. एवढंच. पण काल रात्रभर आणि आज ऑफिसात दिवसभर तेच डोक्यात आहे, म्हणून लिहून टाकते.

खेळातली होडीवरची म्हातारी काल मेली. तिच्यासाठी मी किती खपलेय ते शलाकाला माहीत आहे. म्हातारीचा आवाज मी न्हाणीघरात बसवला, कारण बाहेर बसवला तर आई विचारते, "कोणाशी भांडतेस?" खाडी, होडीचा धक्का, ती एका खोलीची झोपडी, सगळं फाउंड्रीवर (आम्ही ज्यावर खेळतो ते नकाशांचं सॉफ्टवेअर) स्वतः चढवलं. भिंती रेघ-रेघ ओढल्या, दार वेगळं, खिडकी वेगळी. दिवा फक्त चुलीचा. म्हणजे ज्याचं टोकन (नकाशावरची सोंगटी) चुलीपासून लांब त्याला म्हातारीचा चेहराही दिसू नये. मंदारचा ड्वार्फ (त्याचं बुटकं पात्र) सोडून, त्याला अंधारात 60 फूट दिसतं.

आणि म्हातारी शेवटचं बोलते, "होडी पाण्यात ठेवा रे," मी थांबते, आणि पलीकडून काही नाही. कोणीच काही नाही. चार चौकटी, चार चेहरे, सगळे म्यूटवर. त्या शांततेत मला मंदारच्या काचांमध्ये ते हिरवं दिसलं, मधोमध फिकट पट्टा असलेलं.

सगळ्या शक्यता तपासून झाल्या. नकाशा? तेव्हा पडद्यावर झोपडी होती, जवळजवळ काळी. कांदळवन त्याच्या आधीच्या सीनमध्ये. खिडकीबाहेरचं लॉन? मंदारकडे, अमेरिकेत न्यू जर्सीत साडेदहाची सकाळ होती, ऊनही असेल, पण त्याची खिडकी पाठीमागे आहे. आपल्याकडे रविवारचे आठ वाजून गेलेले, दिवस आयपीएलचे. आता हिरव्यावर फिकट पट्टा म्हणजे काय, हे कोणी मला समजावून सांगायची गरज नाही.

मॅच बघण्याचा राग नाही. खरंच नाही. मला खुपतंय ते हे, की मला आता कळतच नाही कोण माझ्याबरोबर आहे आणि कोण नाही. फाउंड्रीत मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारी, मला सगळं दिसतं. भिंतीपलीकडे दबा धरलेले गॉब्लिन दिसतात, त्यांचे सात-सात हिटपॉइंट (किती मार झेलतील तो आकडा) दिसतात. कोणाच्याही टोकनवर क्लिक केलं की त्या पात्राला नेमकं काय दिसतंय तेवढंच माझ्या पडद्यावर उरतं. ड्वार्फच्या डोळ्यांनी मी म्हातारी बघू शकते. मंदारच्या डोळ्यांनी नाही. त्याचा पत्ता लागला तो चष्म्याच्या काचेवरून!

आणि हसणं. ओंक्याचं हसणं म्हणजे पूर्वी वरच्या मजल्यावरून तक्रार यायची. आता बोलायच्या ॲपमध्ये गोंगाट गाळणारं जे असतं, ते बोलणं ठेवतं आणि बाकीचं कापतं. पंखा, कुकर, फाशांचा खडखडाट आणि बऱ्याचदा हसू. ओंक्या तोंड उघडून हलताना दिसतो, आवाज येतो "ह्". मी त्याला सांगते ते बंद कर, तो करतो, मग त्याच्याकडचं बाळ रडतं, तो परत चालू करतो. त्याला काय बोलणार.

दुपारी डबा खाताना वाचत बसले. 2009 सालचा एक अभ्यास आहे, दहा भाषांचा. बोलताना एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी 200 मिलिसेकंदांच्या आसपास जातात. पापणी लवायलाही जवळपास तेवढेच लागतात. आता पुण्यातून जर्सीला आवाज जाणार, तिकडून परत येणार, मध्ये सगळ्यांचं वायफाय, त्यात म्यूट काढायचा. म्हणजे ती फट कितीतरी मोठी होणारच. आणि फट मोठी झाली की आपल्या कानाला ती नकारासारखी ऐकू येते. समोरचा कचरतोय, कंटाळलाय, गेला उठून. हे वाचून बरं वाटलं. पाच मिनिटं. चष्म्याला मिलिसेकंद लागू होत नाहीत.

मग वाटलं, सोडून द्यावं. फाउंड्रीचे पन्नास डॉलर एकदाच भरलेत, तेही फक्त मी, खेळणाऱ्यांना फुकट. इंटरनेटवाल्याने आमचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) शंभर घरांत वाटलाय, बाकीच्यांना माझ्या कॉम्प्युटरपर्यंत पोचता येत नाही, म्हणून सर्व्हर बाहेरून भाड्याने घेतलाय, तोही मीच. मार्चमध्ये अमेरिकेची घड्याळं आधी सरकतात, जर्मनीची महिनाअखेरीला, आपली कधीच नाही. त्या मधल्या रविवारी सगळ्यांना वेळा कळवायच्या, त्याही मी. आणि वर म्हातारी मारायची, तीही मीच. कोणासाठी?

इथपर्यंत लिहून चहा करायला उठले. चहा उकळताना कोथरूडचं टेबल आठवलं. खरं टेबल, पूर्वी एकत्र बसून खेळायचो ते. आपण त्याची फार आरती ओवाळतो. त्या टेबलावर मी राजाचा खून वर्णन करत असताना ओंक्या फाशांचा मनोरा रचायचा आणि तो बरोबर खंजीर निघाला की कोसळायचा. शलाका मिसळ खाऊन दिवाणावर आडवी व्हायची ती लढाई आली की उठायची. आणि मंदार? मंदार गॅलरीत फोनवर. आत येऊन पहिला प्रश्न, "कोण मेलं?" तेव्हा मला कधी असं रात्रभर लागलं नाही. कोपरावर मारून त्याला शीट (त्याच्या पात्राचा कागद) दाखवायची, झालं. आता कोपर नाही. नकाशावर बोट दाबून धरलं तर एक वर्तुळ उमटतं, तेवढंच. ते मी काल मंदारच्या टोकनवर दोनदा उमटवलंही. "हां हां, आहे," म्हणाला.

बरं, आज संध्याकाळी ग्रुपवर त्याचा मेसेज: "ती म्हातारीची होडी आता आपली का?"

हा मी चहाबरोबर नीट वाचला. एक अर्थ: ऐकत होता, शेवटचं वाक्यही ऐकलं, म्हातारीची इच्छा त्याला पुरी करायचीय. दुसरा अर्थ: ड्वार्फ आहे, फुकटची होडी आहे. मंदारला ओळखून आहे मी. दोन्ही अर्थ एकदम असू शकतात, आणि मॅचही असू शकते. कोण जिंकलं ते मी मुद्दाम बघितलं नाहीये.

उत्तर लिहिलं, "हो, तुमचीच."

पुढच्या रविवारपर्यंत खाडीचं पलीकडचं टोक काढायचंय. भिंती नाहीत, पाणीच आहे, काम कमी. होडीचं टोकन तयार आहे. तळाला भोक ठेवलंय. मंदारला अंधारात 60 फूट दिसतं ना, बघू त्याला दिसतं का.