चौफुल्याला नाही, मुक्तीला

भुलेश्वर पाहिलं, मोरगावला दर्शन झालं, जेजुरीला ऊन खाल्लं. त्यांच्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते केडगावबद्दल. नगरजवळचं नव्हे; पुणे-दौंड मार्गावरचं, यवत, खुटबाव गेलं की येणारं.

गाडीत चौथ्या सीटवर जेमतेम टेकले होते. समोरच्या गृहस्थांनी कुठे निघालात विचारलं. मुक्ती मिशन, म्हणजे पंडिता रमाबाईंची केडगावची ख्रिस्ती संस्था, म्हटल्यावर आवाज खाली आणून म्हणाले, "जपून हां, तिकडं बाटवतात." स्टेशनबाहेर रिक्षावाल्याची शंका निराळीच. "चौफुल्याला का मॅडम?" चौफुल्याची कलाकेंद्रं प्रसिद्ध, तेव्हा पुण्याचं माणूस दिसलं की हाच अंदाज. "चौफुल्याला नाही, मुक्तीला," म्हटलं, तर निमूटपणे रिक्षा वळवली. त्याचं मला काही वाटलं नाही. त्या गृहस्थांचा राग मात्र अजून गेलेला नाही.

कारण पंडिता रमाबाईंच्या बाबतीत आपण पुणेकर शंभर वर्षांहून जास्त काळ हेच करत आलोय. एक तर धर्म बदलला म्हणून नाक मुरडायचं, नाहीतर समाजसुधारक म्हणून हार घालायचा आणि बायबल हळूच बाजूला सारायचं. आम्हाला शाळेत 1889 चं शारदा सदन होतं, विधवा होत्या, शिक्षणाच्या हंटर आयोगापुढची साक्ष होती. ही बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसली, अख्खं बायबल मराठीत उतरवलं आणि केडगावच्या छापखान्यात मुलींकडूनच छपाईचे खिळे जुळवून, छापून, बांधून घेतलं, हे कुणी सांगितलं नव्हतं. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. आदल्याच वर्षी मुलगी, मनोरमा, गेलेली. पूर्ण बायबल बाहेर पडलं ते 1924 मध्ये.

आवारात हिंडले. भव्य चर्च, झाडी, अंधांसाठीचं बर्तिमी सदन. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि 1900 मध्ये गुजरातेतून रमाबाईंनी बायका-मुली इथे आणल्या. जवळजवळ दोन हजारांचं गाव झालं होतं. एवढं सगळं पाहिलं, फोटो काढले. पण दुपार खरी गेली ती गावातल्या एका घराच्या ओट्यावर.

तिथल्या बाईंकडे मला ओळखीतून पाठवलं होतं. वय ऐंशीच्या पुढे. आयुष्यभर वस्त्यांवर, मळ्यांत बायकांना बायबलचं वचन शिकवत फिरल्या. त्यांची आजी 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून आलेली पोर. इथेच अक्षरं शिकली, छापखान्यात लागली आणि पुढे पांढऱ्या लुगड्यात गावोगाव बायबल सांगायला जाऊ लागली. 1905 मध्ये इथे मोठं संजीवन, म्हणजे धर्मजागृतीची लाट, झालं, मुली रात्र-रात्र प्रार्थना करत. त्याच्या गोष्टी आजी सांगायची म्हणे. बाईंना त्यात फार रस दिसला नाही. "रडणं-बिडणं होतंच. पण दुसऱ्या दिवशी वाचायला बसवायच्या ना रमाबाई!"

जुन्या नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळलेलं आजीचं बायबल त्यांनी सोडलं. कडा पिवळ्या, पाठीची शिवण उसवलेली. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "धुऊन या आधी. ट्रेनमधून आलात."

हात धुऊन बसले. त्यांनी बायबलमधलं रूथचं पुस्तक काढलं. चष्मा न लावता, बोट ओळीखाली सरकवत वाचू लागल्या. बेथलेहेमात दुष्काळ पडतो, एक कुटुंब मवाब या परक्या देशात जातं, घरातले पुरुष मरतात, सासू-सून दोघी विधवा माघारी येतात. मवाबी सून, रूथ, परक्या गावात, बवाज नावाच्या जमीनदाराच्या शेतात कापणी करणाऱ्यांच्या मागून सरवा, म्हणजे खाली पडलेली कणसं, वेचायला जाते. दुष्काळातून आलेल्या विधवांपुढे याच मुलखात हे वाचलं जात असेल, तेव्हा फार समजावून सांगावं लागलं नसेल.

दर आठ-दहा ओळींनी बाई थांबत. "काय झालं, सांगा." मला वाटलं, पाहुणीची गंमत करतायत. तसं नव्हतं. सांगितल्याशिवाय पान उलटेना. सांगताना मी 'निराधार अवस्था' म्हटलं, तर म्हणाल्या, "पोराला सांगतात तसं सांगा."

ही खोड कुठून आली असेल? रमाबाईंचे वडील, अनंतशास्त्री डोंगरे, पुराणिक. सगळं कुटुंब देवळांत, घाटांवर पुराण वाचत देशभर पायी फिरलं. रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेवलंय की ऐकणाऱ्यांना संस्कृत कळत नसे आणि वाचणाऱ्यांनी अर्थ सांगायचा नसे. लोक पुण्य लागतं म्हणून ऐकत आणि दक्षिणा ठेवून जात. कलकत्त्यात पंडितांनी जिला 'सरस्वती' ही पदवी दिली, तिने पुढे तेव्हाचं संस्कृतप्रचुर बायबल आपल्या मुलींना कळत नाही म्हणून साध्या मराठीचा हट्ट धरला. भाषांतर जाणकारांना खडबडीत वाटलं, वाटो. मला तर लहानपणी लोकांपुढे वाचलेल्या त्या न समजणाऱ्या श्लोकांचं हे उत्तर वाटतं. धर्मांतराच्या वादात आपण हे धरतच नाही.

बाईंना मी हे बोलून दाखवलं. "असेल," म्हणाल्या. "पण तुम्ही बवाजाचं सांगायचं राहिलंय."

मी म्हटलं, बवाज दयाळू होता, गरीब विधवेला शेतात येऊ दिलं.

"दया कसली?" बाई एकदम सरसावून बसल्या. "कायदाच होता तसा. शेताच्या कडेपर्यंत कापायचं नाही, खाली पडलेलं उचलायचं नाही. ते गरिबाचं आणि परक्याचं. पुढं त्यानं मुद्दाम पेंढ्यांतनं काढून टाकायला लावलं, ती दया. आधीचा तिचा हक्क. आम्ही बायकांना हे दोन वेगळं करूनच शिकवतो, नाहीतर जन्मभर उपकारच मोजत बसतात."

मी विचारलं, कायदा कुठे लिहिलाय?

"बायबलातच, लेवीय पुस्तक, एकोणिसावा अध्याय. वाचून या, मग पुढचं सांगते. आता चहा घ्या, पाचाच्या गाडीला उभं राहायलासुद्धा जागा नसते."