गाव नकाशा क्यूजीआयएसमध्ये बसवताना: माझा अनुभव

पाणलोटाच्या कामासाठी क्यूजीआयएस या संगणकावरच्या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये गटवार नकाशा करताना आधी प्रश्न पक्का करावा, मग डेटा शोधावा. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रातला पिक्सेल १० बाय १० मीटर, म्हणजे बरोबर एक आर. पीक उभं आहे की रान पडीक, हे त्यातून छान कळतं. बांध दिसत नाही. गटाच्या हद्दीसाठी गाव नकाशाच लागतो.

हा कागद घड्या पडून ताणलेला असतो. मोबाइलवर फोटो काढला तर कडा वाकतात, म्हणून मी सपाट स्कॅनच घेतो, ३०० डीपीआयवर. १:१०,००० च्या नकाशात अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघ जमिनीवर ५ मीटर भरते. त्याहून बारीक अचूकता या कागदातून निघणार नाही, हे काम देणाऱ्याला सुरुवातीलाच सांगावं.

खरी मेहनत नियंत्रण बिंदूंची, म्हणजे कागदावर आणि जमिनीवर दोन्हीकडे ओळखता येणाऱ्या जागांची. शिवेचे दगड, तीन गावांच्या शिवा मिळतात ती जागा, नकाशात दाखवलेली जुनी बांधीव विहीर हे भरवशाचे. ओढ्याचं वळण घेऊ नये, पात्र सरकतं. रस्त्याची कडही नको, रुंदीकरणात ती हलते. बिंदू चारही कोपऱ्यांत आणि मध्येही हवेत. साधं जीपीएस उघड्यावर ३ ते ५ मीटर चुकतं, झाडाखाली जास्त. एकाच जागी काही मिनिटं थांबून सरासरी घ्यावी. नकाशा यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या निर्देशांक पद्धतीच्या ४३ उत्तर पट्ट्यात ठेवावा, ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला, म्हणजे नागपूरकडे, ४४ मध्ये.

बसवताना थिन प्लेट स्प्लाइन ही पद्धत निवडली की त्रुटी जवळजवळ शून्य दिसते. त्यावर विसंबू नका. ही पद्धत कागद ओढून प्रत्येक बिंदूवर नेऊन बसवते, त्यामुळे चुकीचा बिंदूही बरोबर वाटतो. मी आधी पहिल्या घाताचं पॉलिनोमियल लावतो, ते कागद सरसकट सरकवतं, फिरवतं, ताणतं, पण जागोजागी वाकवत नाही, कुठला बिंदू फटकून राहतो ते बघतो आणि चार-पाच बिंदू केवळ तपासणीसाठी बाजूला ठेवतो.

मग सातबारा जोडायचा. गट क्रमांकाचा रकाना मजकूर म्हणूनच ठेवा, नाहीतर एक्सेल १२/३ ची तारीख करून टाकतं. नकाशा जमिनींच्या एकत्रीकरणापूर्वीचा असेल तर त्यावर सर्व्हे नंबर असतात आणि सातबाऱ्यावर गट. जुळणीचा तक्ता मिळवल्याशिवाय जोड लागत नाही. क्षेत्र ताडताना लागवडीयोग्य क्षेत्रात पोटखराबा, म्हणजे गटातला लागवडीला न येणारा भाग, मिळवा, नाहीतर डोंगरउतारावरचे गट उगाच चुकीचे दिसतात. एवढं करूनही जे गट जुळत नाहीत, त्यांच्या हद्दी ओढून-ताणून बसवू नयेत. ते वेगळ्या रंगात ठेवावेत आणि खातेदाराकडे मोजणीची क प्रत, म्हणजे सरकारी मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा, आहे का, ते विचारावं.